टीव्हीवरच्या स्पर्धांसाठी प्रॉप बनवताना

मालिकेतल्या तलवारीला एकच काम असतं, कॅमेऱ्यात तलवारीसारखं दिसायचं. स्पर्धेच्या कार्यक्रमातल्या प्रॉपवर, म्हणजे खेळायला दिलेल्या वस्तूवर, मात्र चार जण एकाच वेळी, घाईत, घामेजल्या हातांनी तुटून पडतात, आणि कोण जिंकलं हे त्यावर ठरतं. एकाच्या पेटीचं झाकण जरासं घट्ट बसलं की तीन-चार सेकंद जातात आणि तेवढ्यात निकाल फिरतो. म्हणून आधी बघायचं ते हे की प्रॉप सगळ्यांना सारखा पडतो का, आणि प्रत्येक टेकला, म्हणजे दर वेळच्या चित्रीकरणाला, सारखाच वागतो का. रंगरंगोटी त्यानंतर.

पेन्सिल उचलण्याआधी

लेखकांच्या टीमकडून बहुधा एवढंच येतं: "एक मोठ्ठं कोडं हवंय." तेवढ्यावर कामाला लागू नका. एका वेळी किती जण खेळणार? उभ्याने की गुडघ्यावर बसून? खेळ किती मिनिटांत संपायला हवा? पाणी, चिखल, तेल यातलं काही आहे का? किती भागांत वापरणार? कोण जिंकलं हे कशावरून ठरणार, शेवटचा तुकडा बसला त्यावरून की नंतर दाबलेल्या बटणावरून? दोन टेकच्या मध्ये प्रॉप पुन्हा मूळ जागी लावायला किती वेळ मिळणार? आणि स्टुडिओचं दार केवढं आहे? हा शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. दार ९० सेंमीचं आणि चौकट १२० सेंमीची असेल, तर ती दोन भागांत बनवून आत नेल्यावर बोल्टने जोडायची, हे चित्र काढतानाच ठरलेलं बरं. नंतर कापून जोडलेला सांधा कधीच सरळ बसत नाही.

संच किती हे लगेच ठरवा. चार स्पर्धक असतील तर खेळाचे चार, रिहर्सलचा एक आणि राखीव एक, असे सहा. सहाही एकाच वेळी, एकाच लॉटच्या प्लायमधून, एकाच माणसाने रंगवलेले. राखीव संच आठवड्याने सवडीने केला तर तो राखीव राहत नाही, वेगळाच प्रॉप होतो. रिहर्सलचा संच शूटिंगला लावू नका. पन्नास वेळा खेळून त्याचे तुकडे गुळगुळीत झालेले असतात आणि ज्याच्या वाट्याला तो येईल त्याचं फावतं.

फुटणाऱ्या किंवा संपणाऱ्या वस्तूंसाठी हिशेब सोपा ठेवा: स्पर्धक गुणिले प्रत्येकी नग गुणिले टेक, आणि त्यावर निम्मे जादा. चार स्पर्धक, प्रत्येकी पाच फरशा, दोन टेक म्हणजे ४०, बनवायच्या ६०.

पुठ्ठ्याचं मॉडेल

पूर्ण आकाराचं, पुठ्ठा आणि चिकटपट्टीचं. लहान प्रमाणातलं मॉडेल बघून दिग्दर्शक खूश होतो, पण खेळाबद्दल ते काहीच सांगत नाही. ज्यांना उत्तर माहीत नाही अशा आठ-दहा जणांना खेळायला लावा. त्यात एक बुटका, एक खूप उंच आणि एक डावखुरा हवाच. वेळ घड्याळावर मोजा. सगळ्यांचा वेळ दोन ते पाच मिनिटांत आला तर खेळ बरा आहे. एकाला ४० सेकंद आणि दुसऱ्याला १५ मिनिटं लागत असतील तर गडबड कोड्यात आहे, सुतारकामाने ती सुटणार नाही.

याच टप्प्यावर बघायची आणखी एक गोष्ट म्हणजे लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे न दिसणारे लोक. पुरुषांमध्ये असे बरेच सापडतात. खेळ रंग ओळखण्यावर असेल तर प्रत्येक रंगाबरोबर एक आकार किंवा खूणही द्या, म्हणजे ऐन वेळी तक्रार उरत नाही.

लाकडी कोडं: मिलिमीटरचा हिशेब

बहुतेक घोडं इथेच पेंड खातं. रंगवण्याआधी सगळे तुकडे चौकटीत छान बसतात आणि रंगवल्यावर शेवटचा तुकडा हातोडीशिवाय जात नाही. कारण रंगाला जाडी असते. प्रायमरचे (रंगाखालच्या अस्तराचे) दोन हात, रंगाचे दोन आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, असं मिळून एका बाजूला साधारण ०.२ मिमी चढतात.

समजा चौकट आतून १२०० मिमी आहे आणि एका ओळीत ३०० मिमीचे चार तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याच्या दोन कडा धरून ०.४, म्हणजे चार तुकड्यांचे १.६ मिमी. चौकटीच्या दोन आतल्या भिंतींचे आणखी ०.४. झाले २ मिमी, आणि जागा तर शून्य उरली होती. म्हणून तुकडा २९८ मिमीचा कापा. चार तुकडे रंगासकट ११९३.६ होतात, चौकट रंगानंतर ११९९.६ उरते, म्हणजे ६ मिमी मोकळे. ते पाच फटींत वाटले की प्रत्येकी १.२ मिमी. हातानं सरकतं, पण कॅमेऱ्यात फट दिसत नाही. हवा दमट असेल किंवा बाहेर शूटिंग असेल तर फट २ मिमीपर्यंत न्या. प्लाय लांबी-रुंदीत फारसा फुगत नाही, पण उघड्या राहिलेल्या कडा पाणी पितात. कडांना आधी लांबी (पुट्टी) भरा आणि प्रायमरचा एक हात जादा द्या.

१८ मिमी म्हणून घेतलेला प्लाय प्रत्यक्षात १७.२ ही निघतो. खाचा पाडण्याआधी प्रत्येक शीट कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा. कोड्याचे वळणदार तुकडे सीएनसी राउटरवर (संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या यंत्रावर) कापत असाल तर ६ मिमी बिटने, म्हणजे त्याच्या फिरत्या पात्याने, आतला कोपरा कधीच काटकोनी होत नाही, ३ मिमी त्रिज्येचा गोल राहतो. मग बाहेरचे कोपरेही तेवढेच गोल करा, किंवा आतल्या कोपऱ्यात बिट जरा पुढे नेऊन छोटं भोक ठेवा. लेझरने कापताना किरणाच्या रुंदीएवढी, ०.१ ते ०.३ मिमी सामग्री जळून जाते. ती धरली नाही तर तुकडे ढिले बसतात.

रंग वाळला म्हणजे तो तयार झाला असं नाही. ऑइल पेंटचे तुकडे दोन दिवसांनी एकावर एक रचून ट्रकमध्ये चढवले की दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना चिकटलेले सापडतात, आणि सोडवताना रंगाचे पापुद्रे निघतात. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग, त्यावर मॅट पॉलियुरेथेन आणि मध्ये किमान चार-पाच दिवस मोकळी हवा, असं गणित ठेवा. तरीही ने-आण करताना प्रत्येक दोन तुकड्यांत बेकिंग पेपर घाला. वर्तमानपत्र नको, त्याची अक्षरं रंगावर उमटतात.

आता कोड्याचा प्रामाणिकपणा. तीन गोष्टी तपासा. पहिली, दुसरं उत्तर निघतं का? दोन तुकड्यांचा आकार सारखा असेल आणि चित्रही जुळत असेल, तर कुणीतरी वेगळ्या पद्धतीने पूर्ण करतो आणि सेटवर वाद पेटतो. एकतर आकार बदला, नाहीतर दोन्ही उत्तरं बरोबर असं नियमात लिहून घ्या. दुसरी, मागची बाजू. एकाच शीटमधून कापलेल्या तुकड्यांच्या पाठीवर लाकडाच्या रेषा सलग जातात. चलाख स्पर्धक तुकडे उलटे करतो आणि रेषा जुळवून कोडं सोडवतो. पाठ रंगवा. पेन्सिलचे आकडेही पॉलिश पेपरने घासून काढा. तिसरी, सुरुवातीची मांडणी. तुकडे 'असेच पसरून' ठेवायचे नाहीत. कुठला तुकडा कुठे, कुठल्या बाजूला तोंड करून, याचा तक्ता करा आणि चारही जणांसमोर अगदी तीच मांडणी ठेवा.

३०० मिमी चौरस, १८ मिमी जाड प्लायचा तुकडा साधारण एक किलोचा होतो. सोळा तुकड्यांचं कोडं म्हणजे १६-१७ किलो. एवढं उचलून धावायचं असेल तर १२ मिमी प्लाय घ्या, ११ किलोच्या आसपास येईल.

फिरतं चाक

१.८ मीटर व्यासाचं, २४ घरांचं चाक हे नेहमीचं काम. १२२० बाय २४४० च्या शीटमधून ते एकसंध निघत नाही. ९ मिमी प्लायचे चार अर्धगोल कापा. दोन अर्धगोलांचा एक थर, असे दोन थर करा आणि वरच्या थराचा जोड खालच्या जोडाशी काटकोनात ठेवून गोंदाने चिकटवा. मागून १६ मिमीचे स्क्रू मारा. १८ मिमी जाडीत ते समोर बाहेर येत नाहीत. असं चाक वाकत नाही आणि ३० किलोच्या आसपास भरतं.

घरं आखताना एकामागून एक मोजत जाऊ नका. दर वेळी अर्धा मिमी चुकला तर चोविसाव्या घराला १२ मिमीचा घोळ होतो. दोन घरांच्या मधल्या रेषेवर एकेक खुंटी येते, तिच्यावर पट्टी टकटकते आणि चाक थांबतं. या खुंट्यांचं वर्तुळ ८८० मिमी त्रिज्येचं काढा, तीच त्रिज्या परिघावर सहा वेळा टाका, म्हणजे ६० अंशांचे सहा भाग मिळतात. प्रत्येकाचे दोन वेळा निम्मे करा, झाले १५ अंशांचे २४. शेजारच्या दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर २२९.७ मिमी यायला हवं. कुठे २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर भोकं पाडू नका, परत आखा.

मागे ३०० मिमी व्यासाची, ६ मिमी जाडीची लोखंडी तबकडी, तिला वेल्ड केलेला ३० मिमीचा शाफ्ट (आस) आणि ४० सेंमी अंतरावर दोन पेडेस्टल बेअरिंग, म्हणजे स्वतःच्या बैठकीवर बोल्टने बसणारी. बेअरिंग एकच असेल तर चाक पुढे झुकतं आणि घासतं. नव्या बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस आणि रबरी सील दोन्ही चाकाला रोखतात. सील काढून, ग्रीस धुऊन पातळ तेल घातलं की फरक लगेच हाताला कळतो. मध्यबिंदू जमिनीपासून १४० सेंमीवर ठेवा. वरची कड २३० सेंमीवर जाते, पण बुटक्या माणसालाही बाजूने जोर लावता येतो. पाया पुढून मागे किमान १.२ मीटर आणि त्यावर वाळूच्या पिशव्यांचं वजन, कारण स्पर्धक चाकाला लटकतातच.

आता तोल. चाकाला हलकेच फिरवून आपोआप थांबू द्या. दर वेळी एकच घर खाली येत असेल तर जड बाजू तीच. नेमक्या समोरच्या कडेला मागून नट-वॉशर लावत जा, आणि चाक कुठेही थांबायला लागेपर्यंत हे चालू ठेवा. हे काम स्टिकर, दिवे, खुंट्या सगळं बसवून झाल्यावर करायचं. आधी केलेला तोल पहिल्याच एलईडी पट्टीने बिघडतो.

खुंट्या १२ मिमीच्या, ४० मिमी बाहेर आलेल्या. त्यांवर टकटकणारी पट्टी २ मिमी पॉलिकार्बोनेटची किंवा जाड चामड्याची, खुंटीवर १० ते १५ मिमी चढणारी. जास्त चढली तर चाक झटक्यात थांबतं, कमी चढली तर शेवटच्या खुंटीवर घसरते. पट्टी खुंटीच्या टोकावरच टेकून उभी राहिली तर घर कुठलं, याचं उत्तर नियमावलीत आधीच हवं. पट्टी मऊ पडली की चाक जास्त फिरतं, म्हणून तिची अदलाबदल खेळाच्या मध्येच कधीही नको.

शेवटी चाक २४० वेळा फिरवा आणि प्रत्येक वेळी आलेलं घर लिहून ठेवा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. प्रत्येक पाव भागात सरासरी ६० यायला हवेत. ५० किंवा ७० आले तरी घाबरू नका, तेवढं नशिबाने होतं. ८० पार गेले तर तोल किंवा शाफ्ट तिरका आहे. सेटवर बसवल्यावर शाफ्टवर लेव्हल ठेवून पुन्हा बघा, स्टुडिओची जमीन सपाट असते यावर विश्वास ठेवू नका. पायांना फिरवून उंची बदलता येणारे नट असतील तर दोन मिनिटांत जमतं.

बझर

'पहिला कोणी दाबला' हा निकाल यंत्र देतं, त्यामुळे इथे चूक झाली तर ती दिसतही नाही. लोक तारांची लांबी सारखी ठेवायला धडपडतात. त्याने काहीच होत नाही, २० मीटर तारेत वीज सेकंदाच्या कोटीव्या भागात पोहोचते. पाणी मुरतं ते दुसरीकडे.

एक, बटण. एकाच लॉटमधली घ्या. बटण वजनकाट्यावर ठेवून हळूहळू दाबा आणि क्लिक होईल तेव्हाचा आकडा वाचा. सगळ्या बटणांत १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर बटणाच्या आतला छोटा मायक्रोस्विच बदला. दोन, वाचण्याचा क्रम. मायक्रोकंट्रोलर (बझर चालवणारी छोटी संगणक-चिप) बटणांना जोडलेली एकेक पिन क्रमाने वाचत असेल आणि पहिली दाबलेली दिसताच थांबत असेल, तर बरोबरीत कायम पहिला स्पर्धक जिंकतो. सगळी बटणं एकाच पोर्टवर, म्हणजे एकदम वाचता येणाऱ्या पिनांच्या गटावर, घ्या, अर्डुइनो उनो या तयार बोर्डावर डी८ ते डी१३ हा एक पोर्ट आहे, आणि पूर्ण पोर्ट एकदम वाचा. दोन एकदम दिसली तर बरोबरी जाहीर करा. तीन, बटणाची थरथर. स्विच दाबला की संपर्क काही मिलिसेकंद जुळतो-तुटतो. ती थांबेपर्यंत वाट बघून मग नोंद करणारा कोड स्पर्धेसाठी चुकीचा. पहिल्या स्पर्शालाच कुलूप लावा, थरथरीकडे नंतर दुर्लक्ष करा.

लांब तारेत आजूबाजूचा गोंगाट शिरतो आणि कुणी न दाबताच बझर वाजतो. बोर्डातल्या पुल-अपवर (बटण न दाबता पिन स्थिर ठेवणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबू नका, बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. कनेक्टर एक्सएलआरसारखा (माइकच्या तारेला असतो तसा) कुलूप होणारा घ्या, पायात अडकून निघणारा नको. वायरलेस बझर टाळा. स्टुडिओत माइक, मोबाइल, वॉकीटॉकी सगळे हवेत असतात, आणि उशीर दर वेळी वेगळा होतो, तो मोजून दुरुस्तही करता येत नाही.

बझरभोवतीच्या दिव्यांचं एक. डब्ल्यूएस२८१२बी प्रकारच्या एलईडी पट्ट्या स्वस्त आणि सोप्या, पण त्यातल्या बऱ्याच सेकंदाला साधारण ४०० वेळाच लुकलुकतात आणि वेगवान शटरवर पडद्यावर पट्टे दिसतात. एपीए१०२ प्रकारची पट्टी साधारण २०,००० वेळा लुकलुकते, ती कॅमेऱ्याला चालते. पूर्ण पांढऱ्या प्रकाशाला एका एलईडीला ६० मिलिअँपियर धरा. ६० एलईडींच्या एका मीटरला ५ व्होल्टवर ३.६ अँपियर लागतात. लांब पट्टीला वीज दोन्ही टोकांनी द्या, नाहीतर शेवटचे दिवे पिवळट पडतात.

कुलपं, गाठी, चुंबक

दहा किल्ल्यांतून योग्य किल्ली शोधा, हा खेळ सोपा वाटतो. पण एका खोक्यातल्या स्वस्त कुलपांत दोन कुलपांना एकच किल्ली लागणं हे नेहमीचं आहे. चार कुलपं आणि दहा किल्ल्या म्हणजे ४० वेळा तपासा, आणि किल्लीवर छापलेला नंबर घासून टाका. कुलपात तेल घालू नका, ग्रॅफाइटची पूड घाला.

गाठी सोडवायच्या असतील तर सगळ्या एकाच माणसाने बांधाव्यात, एकाच दोरखंडाच्या, आणि बांधून झाल्यावर प्रत्येकीला तेवढंच वजन, समजा २० किलो, एक मिनिट लटकवून आवळाव्यात. सुती किंवा तागाचा दोर भिजला की गाठ दगड होते. पाण्याच्या खेळात पॉलिएस्टरचा दोर वापरा.

चुंबकाने चिकटणारे तुकडे असतील तर चुंबक आणि लोखंडी पट्टीत १ मिमीची फट पडली तरी पकड बरीच घटते, आणि रंगाचा थर म्हणजे फटच. रंगवून झाल्यावर चुंबक बसवा. चिकटवताना दर वेळी तोंड तपासा. एक उलटा बसला की तुकडा चिकटण्याऐवजी उडतो.

मोठे पण हलके, आणि फुटणारे

अवाढव्य दगड, फळं, फासे यांना थर्माकोल किंवा त्याहून घट्ट एक्सपीएस फोम घ्या. गरम तारेने कापताना धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा. स्प्रे पेंट आणि रबर सोल्युशन दोन्ही थेट लावलं तर फोम विरघळतो. आधी पांढरा गोंद आणि मलमलीच्या पट्ट्यांचे दोन थर द्या, ते सुकले की पाण्याचा रंग. लाथा बसणाऱ्या प्रॉपला १० मिमी ईव्हीए (लवचिक रबरासारख्या फोमची) शीट बरी. ती नव्या ब्लेडने कापा, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच नेमकं दाबा. मग हीट गन फिरवून छिद्रं बंद करा, नाहीतर शीट रंग पीतच राहते.

वजन वाहायच्या वस्तूंत फरक एक टक्क्याच्या आत ठेवा. ५ किलोला ५० ग्रॅम. रंगानंतर मोजा. आतली वाळू कोरडी, पिशवीत बंद आणि घट्ट ठासलेली हवी. ती आत सरकत असेल तर काट्यावर सारखे असलेले दोन दगड हातात वेगळे लागतात, आणि स्पर्धकाला हे दोन पावलांत कळतं.

फोडायच्या फरशा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या करा. १० किलो प्लास्टरला ७ लिटर पाणी, प्लास्टर पाण्यात टाकायचं, उलट नाही. २० सेंमी चौरस, ८ मिमी जाड अशा तिसेक फरशा त्यातून होतात. पाणी वाढवलं की फरशी ठिसूळ होते, म्हणून डोळ्यांनी नाही, मोजून. ओली फरशी सुकलेलीच्या जवळपास निम्म्या ताकदीची असते, तेव्हा काल ओतलेल्या आणि गेल्या आठवड्यातल्या फरशा एका खेळात मिसळू नका. ४० अंशांच्या आसपास वाळवा आणि वजन दिवसभर बदलेनासं झालं की सुकली समजा. भट्टीत जास्त तापवली तर पिठासारखी भुरभुरते. समोर ऑइल पेंट मारला तर तुकडे रंगाला धरून राहतात आणि फुटण्यातली मजा जाते. गॉगल सगळ्यांना, सूत्रसंचालकालाही.

कॅमेऱ्याला काय दिसतं

चकचकीत पृष्ठभाग दिव्यांचं प्रतिबिंब फेकतो, सगळं मॅट ठेवा. पांढराशुभ्र रंग जळतो (पडद्यावर तपशील न दिसता नुसता पांढरा डाग दिसतो), त्याऐवजी फिकट राखाडी किंवा मलई. बारीक, जवळजवळच्या रेषा पडद्यावर वळवळतात. अक्षर वाइड शॉटच्या फ्रेमच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढं तरी हवं. फ्रेममध्ये ४ मीटर उंची मावत असेल तर २० सेंमीचं अक्षर. टेबलावरचं कोडं आडवं ठेवलं तर फक्त वरचा कॅमेरा बघतो. १५-२० अंश पुढे कललेलं ठेवा आणि खाली आधाराची पट्टी द्या. प्रॉपने खेळणाऱ्याचा चेहरा झाकला जाता कामा नये, प्रेक्षक चेहराच बघत असतो. दुकानातून आणलेल्या वस्तूवरचं कंपनीचं नाव झाका. पेटीच्या तळाला ३ मिमी नमदा (फेल्ट) चिकटवा, नाहीतर तुकडे पडल्याचा आवाज बोलण्यावर चढतो.

कोणाला लागू नये म्हणून

सगळ्या कडा किमान ३ मिमी त्रिज्येने गोल. चढायच्या, रांगायच्या प्रॉपमध्ये ८ ते २५ मिमी रुंदीची भोकं नकोत, बोट अडकतं. ८९ ते २३० मिमीच्या मोकळ्या जागाही नकोत, डोकं अडकतं. युरोपात मुलांच्या खेळाच्या साहित्यासाठीचं ईएन ११७६ हे मानक हेच आकडे वापरतं, आणि ते इथेही कामाला येतात. माणूस उडी मारून उतरतो तेव्हा फळीवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. १०० किलोच्या माणसासाठीची फळी ३०० किलो वाळूच्या पिशव्यांनी तासभर दाबून बघा, आणि पिशव्या काढल्यावर ती पूर्ण सरळ झाली तरच पास करा. वजन स्क्रूंवर येऊ देऊ नका, फळी नेहमी चौकटीवर टेकलेली असावी. प्लायच्या कडेतून मारलेला स्क्रू थर फाकवून बाहेर येतो. डोक्यावर काही टांगायचं असेल किंवा माणूस लटकणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या आणि मुख्य दोरखंडाशिवाय वेगळी पोलादी सुरक्षा तार लावा. पाण्याजवळ १२ व्होल्ट डीसीच्या वर काही नको.

सेटवर

खेळाच्या सुरुवातीची स्थिती दाखवणारे फोटो कडक कागदावर छापून प्रत्येक जागेमागे लावा. प्रत्येक टेकनंतर एकाने प्रॉप लावायचा आणि दुसऱ्याने फोटोशी ताडून सही करायची. एकाच माणसाने दोन्ही केलं तर दमल्यावर चुका सुटतात. दुरुस्तीच्या पेटीत जुळणाऱ्या रंगाची बाटली, दोन मिनिटांत जमणारा गोंद, जादा बटण, खुंट्या, केबल टाय, पॉलिश पेपर आणि कॅलिपर. खेळ सुरू असताना एका संचाला हात लावायची वेळ आली तर खेळ नियमांनुसार होतो का हे बघणाऱ्या निरीक्षकाला सांगून सगळ्यांचा खेळ थांबवा.

कोणता संच कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, तेही निरीक्षकासमोर. प्रॉप बनवणाऱ्याने स्पर्धकांशी खेळाबद्दल एक शब्दही बोलू नये, 'सोपंय, काळजी नको' एवढंही नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी प्रश्नमंजूषांमध्ये उत्तरं आधीच पुरवली जात असल्याचं उघड झालं, आणि १९६० मध्ये तिथे प्रसारणाच्या कायद्यात बदल करून अशी लबाडी गुन्हा ठरवली गेली. वर्कशॉपमध्ये खोक्यांवर खेळाचं नाव न लिहिता सांकेतिक नंबर लिहिण्याची सवय त्यासाठीच.

शूटिंग संपल्यावर संच मोडीत काढू नका. ज्यावर निकाल लागला तो संच, मोजमापांच्या कागदासकट, सीलबंद करून भाग प्रसारित होईपर्यंत आणि तक्रारीची मुदत संपेपर्यंत ठेवा. चाकाची पट्टी आणि बझरचा बोर्डही त्याच खोक्यात जातो.